टॉक्सिक नात्यांवरच्या हॉरर शॉर्ट फिल्मसाठी कोल्हापुरात पैसे कसे उभे करावेत

कॉलेजच्या ग्रुपकडे पटकथा असते, कॅमेरा धरणारा असतो, अभिनयासाठी जीव टाकणारी चार पोरं-पोरी असतात. अडतं ते पैशापाशी. त्यात विषय टॉक्सिक नात्याचा आणि प्रकार हॉरर म्हटलं, की घरातूनच पहिला प्रश्न येतो, "दुसरा विषय मिळाला नाही काय?" मला मात्र वाटतं, हा विषय आत्ताच करायला हवा. मोबाईल तपासणं, पासवर्ड मागणं, मैत्रिणी तोडायला लावणं, "सोडून गेलीस तर जिवाचं बरंवाईट करीन" अशी धमकी देणं, हे सगळं कॉलेजच्या वयात सर्रास चाललंय आणि त्याला प्रेम म्हणून खपवलं जातंय. ही भीती पडद्यावर आणायला हॉरर फार चांगला. त्यामुळे पैसे मागताना संकोच नको, पद्धत मात्र हवी.

आधी खर्चाचा कागद

"दीडेक लाख लागतील" असं मोघम सांगणाऱ्याला कुणी पैसे देत नाही. समजा, पंधरा मिनिटांची फिल्म आहे आणि शूटिंग तीन दिवसांचं. कॅमेरा-लेन्सचं भाडं २४,०००. लाइट आणि जनरेटर १२,०००. साउंड रेकॉर्डिस्ट त्याच्या माइकसकट १५,०००. मेकअप, जखमा आणि रक्त धरून १०,०००. अठरा माणसांचं तीन दिवसांचं चहा-नाष्टा-जेवण, माणशी रोज ३०० धरले तर १६,२००. प्रवास ७,०००, लोकेशन आणि सजावट १०,०००, दोन हार्ड डिस्क ९,०००, साउंड डिझाइन आणि मिक्सिंग १८,०००, फेस्टिव्हलच्या प्रवेश फी ६,०००. बेरीज १,२७,२००. त्यावर दहा टक्के अडीअडचणीला धरले की साधारण १,४०,०००. हे आकडे नमुन्यादाखल आहेत. तुमचे भाव तुम्ही फोन करून, शक्यतो लेखी घ्या.

काटछाट करायची वेळ आली तर आवाजाला हात लावू नका. हॉररमध्ये चित्र थोडं कच्चं असलं तरी प्रेक्षक सांभाळून घेतो. संवाद ऐकू येईना आणि शांततेत पंख्याची घरघर घुसली, की भीती तिथंच संपते. दोन हार्ड डिस्कमध्येही काटछाट नको. एक बिघडली तर तीन दिवसांचं शूटिंग पुन्हा करायला पैसे कुठून आणणार?

आता याच कागदावर खुणा करा, कोणती गोष्ट पैशाऐवजी वस्तूच्या रूपात मिळेल याच्या. लाइट आणि जनरेटर मंडप-डेकोरेशनवाल्यांकडे असतात आणि सीझन नसताना ते पडूनच असतात. जेवण ओळखीची खानावळ देऊ शकते. कॅमेरा सरकवायची ट्रॉली उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये भंगारातल्या पाइपांवर वेल्डिंग करून होते. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी आपला कॅमेरा याच गावात बनवला होता, तेव्हा ट्रॉलीसाठी पुण्या-मुंबईला धावायचं कारण नाही. जुना वाडा एखाद्या मित्राच्या आजोळचा निघतो. इतकं जमलं तर अडीअडचणीचे दहा टक्के सोडून रोख गरज नव्वद हजारांच्या आसपास येते आणि तो आकडा आवाक्यातला आहे.

चाळीस सेकंदांचा टीझर

पैसे मागायच्या आधी काहीतरी दाखवायला हवं. त्याला खर्च लागत नाही. होस्टेलची अंधारी खोली घ्या. स्टीलच्या डब्याच्या झाकणावर मोबाईल ठेवलाय. मेसेज आला की तो थरथरतो आणि झाकण खडखडतं. "जेवलीस का?" परत खडखड. "कुणाबरोबर?" परत. "फोटो पाठव." दर खेपेला मोबाईल झाकणाच्या कडेकडे थोडा सरकतो. मुलगी पडद्यावर दिसतच नाही, नुसता श्वास ऐकू येतो. शेवटचा मेसेज, "खिडकी लावून घे, थंडी वाजेल तुला." इथं काळा पडदा, त्यावर फिल्मचं नाव, किती पैसे हवेत, कधीपर्यंत, आणि क्यूआर कोड.

टीझरमध्ये रक्त नको. तो शेवटी कुणाच्या तरी मावशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार आहे आणि तिथून पैसे यावेत अशी आपली इच्छा आहे.

आधी आपली माणसं

इन्स्टाग्रामवर शून्यापासून सुरुवात करू नका. रिकाम्या थाळीत पहिला रुपया टाकायला लोक बिचकतात. टीममधल्या प्रत्येकानं आपल्या ओळखीची दहा नावं लिहावीत. मामा, आत्या, शाळेतले सर, नोकरीला लागलेले सीनिअर. या लोकांकडून एक तृतीयांश रक्कम जमली, की मगच जाहीर आवाहन करा.

फॉरवर्ड केलेला मेसेज कुणी वाचत नाही. नाव घालून लिहा आणि आकडा स्पष्ट सांगा. उदाहरणार्थ: "आत्या, आम्ही कॉलेजची मुलं एक शॉर्ट फिल्म करतोय. प्रेमाच्या नावाखाली जाच सोसणाऱ्या मुलीची गोष्ट आहे. एका दिवसाच्या जेवणाला ५,४०० रुपये लागतात. त्यातले तू ५०१ देशील का? खर्चाचा कागद सोबत जोडलाय." देणाऱ्याला आपले पैसे कशावर गेले ते कळलं, की तो पुढच्या चार जणांना आपणहून सांगतो.

वेळही बघा. गणपतीच्या आधी गावभर वर्गणी चालू असते, तेव्हा तुमची पावती कुणालाच नको असते. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला तर लोकांनी मदत पूरग्रस्तांनाच द्यावी, आपण मागूच नये. मार्चमध्ये व्यापाऱ्याचं डोकं हिशेबात असतं. दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंतचे दिवस उत्तम.

दुकानात कसं मागायचं

सकाळी दुकान उघडताना आणि संध्याकाळी गर्दीत जाऊ नका. दुपारी तीन-चारच्या सुमारास जा, दोघंच जा आणि त्यातली एक मुलगी असू द्या. विभागप्रमुखांचं लेटरहेडवरचं पत्र, खर्चाचा कागद आणि पावतीपुस्तक हातात ठेवा. बोलणं साधारण असं होतं:

"काका, नमस्कार. आम्ही कॉलेजची पोरं, एक पिक्चर करतोय."

"कसला रं?"

"भीतीचा."

"म्हंजे भुताचा? कोण बघतंय आता भूत?"

"ह्यातलं भूत रोज गोड बोलून फोन करतंय, काका. पोरगी कुठं गेली, कुणाशी बोलली, सगळं इचारतंय."

इथं बहुतेकदा समोरचा माणूस गप्प होतो, कारण पोरगी, पुतणी, भाची प्रत्येकाच्या घरात असते. मग टीझर दाखवा. त्या शांततेत घाईनं आकडा सांगू नका; त्यांनाच "किती लागतंय?" म्हणू द्या.

सिनेमाला व्यापाऱ्यानं हात देणं कोल्हापूरला नवं नाही. १९२९ साली इथं प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, तेव्हा दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांच्या जोडीला पाचवे भागीदार होते सीतारामपंत कुलकर्णी, इथलेच सराफ. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, गेलात तर ही गोष्ट जरूर सांगा.

नकार आला तरी "येतो काका" म्हणून नीट निघा. त्याच गल्लीत उद्या लोकेशन मागायला जावं लागेल.

कायद्याच्या गोष्टी, थोडक्यात पण टाळू नका

नफ्यात वाटा किंवा व्याज देऊ असं कुणालाही म्हणू नका. लोकांकडून परताव्याच्या बोलीवर पैसे गोळा करणं अनियंत्रित ठेवींवरच्या २०१९ च्या कायद्यात अडकू शकतं. ही मदत आहे आणि तिच्यावर कसलाही परतावा मिळणार नाही, असं पावतीवर छापा.

नातेवाइकांव्यतिरिक्त इतरांकडून एका व्यक्तीला वर्षात मिळून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट मिळाली, तर ती करपात्र ठरते. म्हणून सगळे पैसे एकाच्या खात्यावर घेण्याआधी सीएला विचारा. संस्थेच्या किंवा कॉलेजच्या खात्यातून व्यवहार झाला तर सगळ्यात बरं. करसवलतीची पावती फक्त ८०जी म्हणून ओळखली जाणारी आयकर खात्याची नोंदणी असलेली संस्थाच देऊ शकते. तुमची नसेल तर तसं स्पष्ट सांगा.

किकस्टार्टर ही ऑनलाइन वर्गणी गोळा करणारी परदेशी वेबसाइट भारतातल्या निर्मात्यांचे प्रकल्प घेत नाही. भारतीय प्लॅटफॉर्म घेतलात तर त्यांचं कमिशन आणि लक्ष्य अपुरं राहिलं तर पैशाचं काय होतं, या दोन अटी आधी वाचा. नव्वद हजारांसाठी यूपीआय आणि पावतीपुस्तक पुरतं. परदेशातल्या माजी विद्यार्थ्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर हरकत नाही; परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचे पैसे परदेशी योगदानाच्या कायद्याखाली येतात, ते नम्रपणे नाकारा.

जाहीर शो करायचा विचार असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं, हेही लक्षात ठेवा.

विषयाची जबाबदारी

सगळ्यात जास्त काळजी इथं घ्या. मैत्रिणीवर खरंच गुदरलेला प्रसंग, तिच्या चॅटचा स्क्रीनशॉट, तिचं रडणं, यातलं काहीही आवाहनात वापरू नका. ती "चालेल" म्हणाली तरी नको. आज ती हो म्हणेल आणि वर्षभरानं तिच्या लग्नाच्या बोलणीत तोच व्हिडिओ कुणीतरी पुढं करेल. तिच्या दुःखावर पैसे मिळवायचा आपल्याला अधिकार नाही. काल्पनिक पात्राच्या जोरावर मागा.

आवाहन बाहेर गेलं की काही मुली, काही मुलगेही, पैशाऐवजी स्वतःची कहाणी पाठवतात. मेसेज बघणाऱ्या दोघांनी आधीच ठरवून ठेवावं: ऐकून घ्यायचं, पटकथेत घालायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. महिलांसाठीचा १८१, तातडीसाठी ११२ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६, हे क्रमांक हाताशी ठेवा, आणि विश्वासाच्या एका बाईंना, प्राध्यापिका किंवा समुपदेशक, आधी सांगून ठेवा.

मोठी रक्कम देणारा कधी म्हणतो, शेवटी मुलीनं माफ करून संसाराला लागावं, असं दाखवा. पैसे घेऊ नका. दुकानाची पाटी दाखवायची असेल तर चहाच्या प्रसंगात दाखवता येईल. गोष्टीचा शेवट विकायचा नाही.

पैसे आल्यानंतर

दर रविवारी ग्रुपवर जमा-खर्च टाका, बिलांच्या फोटोंसकट. श्रेयनामावलीत प्रत्येकाचं नाव त्यांनी सांगितलेल्या स्पेलिंगप्रमाणे. फिल्म तयार झाली की देणाऱ्यांना मोफत दाखवा. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या सभागृहाची तारीख लवकर विचारून ठेवा. शूटिंग लांबलं तर ते कळवायला महिनाभर थांबू नका. आणि फिल्मच झाली नाही तर उरलेली रक्कम कुणाला, कशी परत करणार, हे पहिल्याच आवाहनात लिहा. काही पैसे शिल्लक राहिलेच तर देणाऱ्यांना विचारून पुढच्या बॅचच्या खात्यात ठेवा, पावतीपुस्तकासकट.