६४ बिटांच्या सिम्युलेटरमध्ये ३२ बिटांचा रिस्क-फाइव्ह कसा बसवावा

कोल्हापुरातील आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांसाठी लिहिलेला सिम्युलेटर, म्हणजे प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम, केवळ ६४ बिटांचा रिस्क-फाइव्ह (RISC-V हा प्रोसेसरचा खुला सूचनासंच) जाणत असे. गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत प्रकल्पासाठी जाणाऱ्या मुलांच्या हाती मात्र ३२ बिटांचे कंट्रोलर येत. अशा वेळी कोडची दुसरी प्रत काढून त्यात सर्व रजिस्टरे (प्रोसेसरमधील आकडे ठेवण्याचे छोटे कप्पे) ३२ बिटांची करण्याचा मोह होतो, पण तो टाळावा, कारण पुढे प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागते.

रजिस्टरे ६४ बिटांचीच ठेवावीत आणि रजिस्टरात लिहिणारे फंक्शन एकच असावे. शब्दलांबी (नक्कल करायच्या प्रोसेसरच्या रजिस्टराची रुंदी) ३२ असेल तेव्हा त्याने प्रत्येक उत्तराचा, शून्यापासून मोजल्यास, ३१ वा बिट वरच्या ३२ बिटांत उतरवावा. एवढ्याने बेरीज, वजाबाकी, डावे सरकवणे आणि सर्व तुलना, अगदी बिनचिन्ही तुलनाही, आपोआप बरोबर येतात.

उजवीकडे तार्किक सरकवणे (रिकाम्या जागी शून्य भरून), बिनचिन्ही भागाकार व बाकी आणि गुणाकाराचा वरचा अर्धा भाग यांना मात्र वेगळी वाट हवी. पत्त्यांचेही तसेच. आमची मेमरी हेक्समधील ८००००००० पासून सुरू होते; त्यातला ३१ वा बिट १ असल्याने वरचे ३२ बिटही १ झाले आणि पहिल्याच लोडला, म्हणजे मेमरीतून वाचताना, सिम्युलेटरने ‘पत्ता अस्तित्वात नाही’ म्हणून हात वर केले. मेमरीकडे जाताना पत्त्याचे वरचे ३२ बिट शून्य करावेत. चालू सूचनेचा पत्ता ठेवणाऱ्या प्रोग्राम काउंटरलाही हेच लागू.

त्यानंतर सूचना ओळखणारा डिकोडर. एलडी, एसडी, एलडब्ल्यूयू आणि एडीडीआयडब्ल्यूसारख्या ६४ बिटांसाठीच्या सूचना ३२ बिटांत अवैध ठरवाव्यात. सरकवण्याचा आकडा ६ ऐवजी ५ बिटांचा घ्यावा. खरी फसगत १६ बिटांच्या संक्षिप्त सूचनांत होते: ६४ बिटांत जो सांकेतिक आकृतिबंध सी.एडीडीआयडब्ल्यूचा, तोच ३२ बिटांत सी.जेएएलचा. हे राहून गेले तर सबरूटीनकडे उडी जाण्याऐवजी गुपचूप भलत्याच रजिस्टरात भर पडते आणि चूक शोधण्यात दिवस जातो.

नियंत्रण रजिस्टरांत ६४ बिटांचे काउंटर दोन तुकड्यांत वाचता यावेत, तर एमकॉजमधील (प्रोग्राम मध्येच का थांबला ते नोंदवणाऱ्या रजिस्टरातील) इंटरप्टचा बिट ६३ वरून ३१ वर आणावा. पेजिंग (आभासी पत्त्यांवरून खरे पत्ते शोधण्याची सोय) असल्यास ६४ बिटांतील एसव्ही३९ पद्धतीच्या तीन पायऱ्या व ८ बाइटच्या नोंदींऐवजी एसव्ही३२ च्या दोन पायऱ्या व ४ बाइटच्या नोंदी येतात. शब्दलांबी वापरणाऱ्याला विचारू नये. ती चालवायच्या प्रोग्रामच्या ईएलएफ फाइलवरून ओळखावी: तिचा पाचवा बाइट १ असल्यास ३२, २ असल्यास ६४.

प्रत्येक बदलानंतर ६४ बिटांच्या जुन्या चाचण्याही चालवाव्यात. आमच्याकडे एसआरएल (उजवीकडे तार्किक सरकवणे) दुरुस्त करताना एसआरएलडब्ल्यू (त्याचेच ६४ बिटांतील ३२ बिटी रूप) बिघडले होते.