जुन्या एमजीबीचे ब्रेक शर्यतीसाठी सज्ज करताना

१९६२ मध्ये एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार बाजारात आली तेव्हा पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम ही तिची रचना काळाला धरून होती, आणि रस्त्यावरच्या वापराला ती आजही पुरते. शर्यतीत मात्र एका वळणावर तापलेला ब्रेक निवण्याआधीच पुढचे वळण येते. चालकासह १,००० किलो भरणारी गाडी ताशी १६० वरून ६० किलोमीटरवर आणली की सुमारे ८५० किलोज्यूल उष्णता ब्रेकमध्ये उतरते. तेवढ्या उष्णतेने माठातले अडीच लिटर पाणी उकळीला येईल. म्हणून थेट मोठ्या डिस्कच्या खरेदीला लागू नये. आधी उष्णतेचा बंदोबस्त करावा, मग पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल साधावा, आणि त्यानंतरही काही कमी पडले तरच मोठ्या सामानाकडे वळावे.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. नागपूरहून चेन्नईजवळचा किंवा कोइम्बतूरचा ट्रॅक गाठायचा तर गाडी ट्रेलरवर घालून हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागतो, त्यामुळे जे तपासायचे ते इथेच, घरच्या शेडमध्ये तपासून निघणे भाग असते.

ड्रम उघडताना आतली धूळ हवेच्या पाइपने कधीही उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांमध्ये, ॲस्बेस्टॉस असते. ओल्या कपड्याने पुसून तो कपडा पिशवीत बंद करावा. पुढच्या डिस्कच्या कडेजवळ डायल गेज (सूक्ष्म हेलकावा मोजणारे काट्याचे मापक) लावून ती हळूहळू फिरवावी. काटा ०.१ मिलिमीटरहून जास्त हलत असेल, तर डिस्क लेथवर देण्याआधी हबची बैठक, म्हणजे डिस्क जिच्यावर बसते ती जागा, घासून साफ करावी आणि पुन्हा मोजावे. पुष्कळदा दोष डिस्कमध्ये नसतो, बैठकीवरच्या गंजाच्या पापुद्र्यात असतो.

ब्रेक ऑइलकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि शर्यतीत पहिला दगा तेच देते. डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण हवेतली ओल शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या भागात, ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पायाखालचे पेडल मुकाट्याने तळाला जाते. मी हे स्वतः अनुभवले आहे. जुलैत उघडलेला डबा शेडच्या फळीवर तसाच राहिला होता आणि हिवाळ्यात मी त्यातलेच ऑइल भरले. तिसऱ्या फेरीत पेडल गेले, आणि दोन-तीनदा भराभर दाबून गिअर खाली घेतल्यावर गाडी कशीबशी आवरली. तेव्हापासून नवा, सीलबंद डबा उघडल्याखेरीज मी शर्यतीसाठी ऑइल भरत नाही, आणि उरलेले परत वापरत नाही. सिलिकॉनचे डॉट ५ ओल शोषत नाही व रंगही खराब करत नाही, तरी तापल्यावर ते अधिक दाबले जाते आणि पेडल मऊ लागते, म्हणून ते शर्यतीला घेऊ नये आणि डॉट ४ मध्ये तर मुळीच मिसळू नये.

नळ्यांच्या बाबतीत आट्यांची गफलत जिवावर बेतू शकते. या गाडीच्या नळीचे नट ३/८ इंची, यूएनएफ या बारीक इंची आट्यांचे असतात, तर आपल्या बाजारात सहज मिळणारे सामान बहुधा १० मिलिमीटरचे मेट्रिक असते. मेट्रिक नट यूएनएफ भोकात शिरतच नाही, ते बरेच. पण यूएनएफ नट मेट्रिक भोकात सैलसर शिरतो, आवळल्यासारखा वाटतो आणि भर ब्रेक दाबताना आटे सोडतो. फ्रिज-एसीची तांब्याची नळीही इथे चालत नाही. तांबे-निकेलची ब्रेकसाठीचीच नळी घ्यावी आणि रबरी होजऐवजी स्टीलच्या जाळीचे होज बसवावेत.

पॅड, म्हणजे डिस्कवर दाबले जाणारे घर्षणाचे ठोकळे, शर्यतीच्या प्रतीचे घ्यावेत, मात्र ते थंड असताना नीट पकडत नाहीत हे ध्यानात ठेवून त्यांच्यावर गाडी शहरात फिरवू नये. थंड हवेची नळी बंपरखालून डिस्कच्या मध्याकडे न्यावी. एमजीबीची डिस्क भरीव आहे. वारा एकाच बाजूवर पडला तर दोन्ही बाजूंच्या तापमानात फरक पडतो.

आता तोल. ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढे जाते आणि मागची चाके हलकी होतात; ती आधी लॉक झाली, म्हणजे फिरायची थांबून घसरू लागली, तर गाडी गरकन फिरते, म्हणून पुढची चाके किंचित आधी लॉक व्हायला हवीत. पुढे जास्त पकडणारे पॅड घातल्यावर तोल आपोआप पुढे सरकतो. मागे मात्र तसेच लायनर घातले तर मागच्या नळीत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो. सुरुवातीच्या गाड्यांत चारही चाकांना एकच हायड्रॉलिक सर्किट आहे, म्हणजे एक नळी फुटली की सारे ब्रेक गेले. दोन मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारे) आणि तो जोर दोघांत वाटणारा बॅलन्स बार बसवल्याने हा धोका टळतो आणि तोलही पान्ह्याने जुळवता येतो. माझ्या मते पैसा खर्च करायचाच तर तो मोठ्या कॅलिपरआधी इथे करावा. जुन्या गाड्यांच्या शर्यतींत पुष्कळदा मूळ काळातलेच सामान चालते, त्यामुळे नियमपुस्तिका खरेदीआधी वाचावी.

नळ्यांत अडकलेली एअर काढण्याआधी मागच्या ड्रमचे ॲडजस्टर, चाक अडेपर्यंत, आवळून, ते मोकळे फिरेल इतकेच सोडावेत; हे राहून गेल्याने पेडल खोल जाते आणि दोष उगाच मास्टर सिलिंडरवर येतो. एअर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून काढावी. मग एकाने पूर्ण जोर लावून पेडल एक मिनिट दाबून धरावे आणि दुसऱ्याने प्रत्येक जोडाला कोरडा पांढरा टिश्यू कागद लावून पाहावा. कागदावर ओलसर ठिपका उमटला किंवा पेडल केसभर जरी खाली सरकले, तर गाडी ट्रेलरवर चढवू नये.

नवे पॅड डिस्कवर घासून बसते करण्याचे काम ट्रॅकवरच करावे, रस्त्यावर नाही. ताशी १०० वरून ४० पर्यंत आठ-दहा वेळा क्रमाक्रमाने जोर वाढवत ब्रेक लावावा, गाडी पूर्ण थांबवू नये, आणि नंतर एक फेरी ब्रेकला हात न लावता सावकाश मारावी. पिटमध्ये उभे राहिल्यावर पेडलवर पाय किंवा हँडब्रेक ठेवू नये, चाकाला अडण लावावी. तापलेला पॅड डिस्कवर दाबून राहिला की तिथे डाग उमटतो आणि पुढे प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरते. गाडी पूर्ण निवल्यावर सगळे जोड पुन्हा एकदा पान्ह्याने तपासावेत आणि प्रत्येक पॅडची उरलेली जाडी वहीत लिहून ठेवावी.