रत्नागिरी ते गणपतीपुळे : किनाऱ्याने लांब पल्ल्याची सरावधाव

साखरतर, काळबादेवी, आरे-वारे, नेवरे, भंडारपुळे असा किनाऱ्याचा रस्ता धरला की रत्नागिरीहून गणपतीपुळे सुमारे २५ किलोमीटर पडतं. मॅरेथॉनच्या तयारीतली मोठी धाव म्हणून हे अंतर नेमकं आहे. मात्र गेल्या दोन-तीन आठवड्यांत १८ किलोमीटर आरामात झालेले असतील तरच या वाटेला लागा. सपाट ट्रॅकवरचा पेस (किलोमीटरला लागणारा वेळ) इथे चालत नाही. दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि तेवढ्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात. म्हणून घड्याळापेक्षा बोलण्यावर भरवसा ठेवा. सलग पूर्ण वाक्य बोलता येईना की वेग जास्त झाला.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, तेव्हा पहाटे साडेपाचला डोक्याला टॉर्च लावून निघा. उन्हं चढायच्या आत चढ मागे पडलेले बरे. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, सावली जवळजवळ नाहीच आणि जांभा दगड लवकर तापतो. उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं धावा. अरुंद वळणावर मात्र समोरच्याला तुम्ही दिसत नाही, तिथे चाला. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका. थांबा, त्याच्याकडे तोंड ठेवून चालत पुढे व्हा.

खरी परीक्षा आरे-वारेला. खाडीवरून आणि वाडीतून आलेला सपाट रस्ता इथे एकदम अंगावर येतो. चढावर पावलं आखूड टाका, अंग घोट्यापासून किंचित पुढे झुकवा, कमरेत वाकू नका. दम लागला तर बिनदिक्कत चाला, त्यात कमीपणा नाही. वरून आरे आणि वारे या दोन्ही पुळणी (वाळूचे किनारे) एकदम दिसतात; फोटो काढायचाच तर इथे काढा. पाय मोडतात ते उतारावर. लांब ढांगा टाकून टाच आपटली की मांडीच्या पुढच्या स्नायूंना प्रत्येक पावलाला ब्रेक लावावा लागतो आणि शेवटचे पाच किलोमीटर मांड्या लाकडासारख्या होतात. उतारावर पावलं आखूड आणि भरभर, गुडघे किंचित वाकलेले.

थोडं वाळूत धावायचं असेल तर काळबादेवीची पुळण घ्या, पण ओहोटीलाच. जुना ठोकताळा असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला पाणी वरपर्यंत! पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मात्र पहाटे ओहोटी असते आणि ओली, टणक वाळू मिळते. पुळण समुद्राकडे कललेली असते. एकाच दिशेने फार धावलं तर खालच्या बाजूच्या पायाचा गुडघा बाहेरून दुखतो, तेव्हा दीड-दोन किलोमीटर पुरे.

पाणी तासाला ४०० ते ६०० मिली, घोट घोट. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं ही त्याची लक्षणं. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच घाला, अर्ध्या बाटलीत कोंबू नका. घरचं हवं तर कोकम आगळ (कोकमाचा खारवलेला रस), पाणी आणि साखर. आगळात मीठ असतंच. पाऊण तासानंतर खायला सुरुवात करा, तासाला एक केळं आणि तीन-चार खजूर. काखेत, जांघेत आणि पुरुषांनी स्तनाग्रांवर व्हॅसलिन लावाच, घामाने भिजलेला कपडा कातडी सोलतो. सुती मोजे नकोत.

निघण्यापूर्वी आणि पोचल्यावर वजन करता आलं तर करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. वजन दोन टक्क्यांहून जास्त उतरलं तर पुढच्या वेळी पिण्याचं प्रमाण वाढवा.

गणपतीपुळ्याला पोचून लगेच बसू नका. देवळामागच्या डोंगराची प्रदक्षिणा साधारण एक किलोमीटरची आहे, ती चालत घातली की पाय आपोआप सैल होतात. समुद्रात मात्र उतरू नका. इथे ओढ जबर आहे आणि थकलेल्या पायांत गोळा यायला वेळ लागत नाही.