भूल देण्याआधी: तोंड किती उघडतं?

परवा हडपसरचे एक रिक्षाचालक हर्नियाच्या ऑपरेशनआधी माझ्याकडे भुलीच्या तपासणीला आले. वय 34, तब्येत ठणठणीत. मी म्हटलं, "तोंड उघडा." ते म्हणाले, "मॅडम, उघडलंय की!"

त्यांचीच बोटं त्यांच्या दातांमध्ये उभी घालायला लावली. तीन जायला हवीत, दोनही जाईनात. (बोटं पेशंटचीच घ्या, माझी बारीक आहेत, फसगत होते.) गालाला आतून हात लावला तर दोरीसारखे कडक पट्टे लागले. विचारलं, "मिसळ सोडून किती दिवस झाले?" "वर्ष झालं, झोंबते फार." गुटख्याने तोंड आखडलं की तिखट आधी सुटतं. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी असे पेशंट येतातच. पूर्ण भूल देताना श्वासासाठी बहुधा तोंडातून श्वासनलिकेत नळी घालावी लागते, पण इथे स्नायू सैल करणारं औषध दिलं तरी तोंड उघडत नाही, कारण आतलं अस्तरच आखडलेलं असतं. म्हणून हे आधी कळायलाच हवं. पाठीत भूल द्यायची ठरवली तरीही कळायला हवं, कारण ती अपुरी पडली तर नळी घालावी लागू शकते.

मग मल्लमपती, म्हणजे उघड्या तोंडात घशाचा किती भाग दिसतो त्यावरून एक ते चार ग्रेड देणं. पेशंट बसलेला, जीभ पूर्ण बाहेर, पण "आ" म्हणायला लावू नका, टाळू वर उचललं जातं आणि ग्रेड खोटी चांगली येते. पडजीभ दिसली तर बरं, मऊ टाळूही दिसलं नाही तर चौथी ग्रेड. पण एकट्या ग्रेडवर विसंबू नका. खालच्या दातांनी वरचा ओठ चावता येतो का पाहा. मान मागे टाकून हनुवटीपासून कंठमण्यापर्यंतचं अंतर मोजा, 6 सेंटिमीटरच्या आत असेल तर सावध व्हा. जुना मधुमेह असेल तर नमस्कार करायला सांगा. तळवे नीट जुळत नसतील तर मानेचे सांधेही आखडलेले असू शकतात.

दाढी, बोळकं आणि घोरणं यांनी मास्क नीट बसत नाही किंवा हवा जात नाही. घोरण्याचं घरच्यांना विचारा, पेशंट नाहीच म्हणतो. हलणारे दात, कवळी बघून घ्या.

मागच्या भुलीबद्दलही खोदून विचारा. मी शिकत असताना एका आजींना आधीच्या ऑपरेशनात नळी घालताना फार त्रास झाला होता, पण कागदावर एक ओळ नव्हती. आम्हाला ते टेबलावर कळलं. तेव्हापासून अशा प्रत्येक पेशंटला मी मराठीत चिठ्ठी लिहून देते. रिक्षावाल्या दादांनी ती माझ्यासमोरच लायसन्सच्या पाकिटात घातली.