आंतरराष्ट्रीय गुन्हे-तपासात माहिती विश्लेषकाची इंटर्नशिप : बडोद्यात बसून करायची तयारी

हेगमध्ये न्यायालये दोन, आणि लॉच्या विद्यार्थ्यांचीही पहिली गल्लत इथेच होते. कुलभूषण जाधव यांचे प्रकरण चालले ते आंतरराष्ट्रीय न्यायालय. तिथे एक देश दुसऱ्या देशाविरुद्ध उभा राहतो. व्यक्तीवर, म्हणजे सेनापती, मंत्री किंवा टोळीप्रमुखावर, वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे यांचे आरोप ठेवले जातात ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात. त्याचा रोम करार १७ जुलै १९९८ रोजी मंजूर झाला आणि १ जुलै २००२ पासून लागू झाला. भारत त्याचा सदस्य नाही. तिथल्या इंटर्नशिपमध्ये सदस्य देशांच्या उमेदवारांना झुकते माप असते, म्हणून अर्ज जरूर करा, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

भारतीय पासपोर्टला आडकाठी नसलेली दारे यूएनची आहेत. सीरियासाठीची तपास यंत्रणा महासभेने डिसेंबर २०१६ मध्ये स्थापन केली, म्यानमारसाठीची मानवी हक्क परिषदेने २०१८ मध्ये, दोन्ही जिनिव्हात. युगोस्लाव्हिया आणि रवांडा इथल्या गुन्ह्यांसाठी नेमलेल्या यूएनच्या लवादांचे उरलेले काम पाहणारी यंत्रणा हेग आणि टांझानियातले अरुशा इथे आहे. यूएनचा साधारण नियम असा की पदवीच्या शेवटच्या वर्षात असावे, किंवा पदव्युत्तर वा पीएचडीला प्रवेश घेतलेला असावा, किंवा पदवी मिळून एक वर्षापेक्षा जास्त झालेले नसावे. ही शेवटची मुदत बरेच जण 'आधी परीक्षा होऊ दे' म्हणत हातची घालवतात.

मानधन नसते. प्रवास, विमा, भाडे सगळे आपले, आणि जिनिव्हाचे भाडे ऐकून घरचे गप्प होतात. त्यामुळे जाहिरातीत काम दूरस्थ चालेल का ते आधी पाहा.

काम नेमके काय असते

तपास अधिकारी साक्षीदारांना भेटतो, वकील आरोपपत्र लिहितो. या दोघांच्या मध्ये विश्लेषक बसतो. हजारो व्हिडिओ, जबाब, फोनच्या नोंदी आणि उपग्रहचित्रे यांतून कोणती घटना, कुठे, कधी, कोणत्या तुकडीच्या हातून घडली हे मांडणे त्याच्याकडे असते. इंटर्नकडे यातले सगळ्यात कष्टाचे काम येते : नोंदी करणे, दुबार नोंदी काढणे, घटनाक्रम लावणे, एका मुद्द्यावर दोन पानी टिपण देणे.

नवख्याला वाटते की अत्याचाराचा व्हिडिओ सापडला म्हणजे पुरावा सापडला. गुन्हा घडला हे दाखवणारे साहित्य बहुधा ढीगभर असते. तुटवडा असतो तो गुन्हा आणि वर बसलेला माणूस यांना जोडणाऱ्या साहित्याचा. रोम कराराच्या कलम २८ मध्ये वरिष्ठाची जबाबदारी आहे. तुकडी त्याच्या प्रभावी नियंत्रणाखाली होती का, त्याला माहीत होते का किंवा माहीत असायला हवे होते का, आणि त्याने रोखले किंवा शिक्षेसाठी पावले उचलली का, हे प्रश्न तिथे येतात. म्हणून बदलीचा हुकूम, खांद्यावरची पट्टी, ट्रकवरचा क्रमांक किंवा सत्कार-समारंभाचा कंटाळवाणा व्हिडिओ कधीकधी रक्ताच्या दृश्यापेक्षा जास्त मोलाचा ठरतो. कलम ५४ प्रमाणे आरोपीच्या बाजूचे साहित्यही तितक्याच कसोशीने शोधावे लागते. ते दिसले की बाजूला सारणारा विश्लेषक खटल्याचेच नुकसान करतो.

खुल्या इंटरनेटवरचे साहित्य कुठवर जाते याचे ठळक उदाहरण लिबियाचे आहे. बेंगाझी भागातल्या हत्यांसाठी महमूद अल-वेर्फल्ली या लष्करी कमांडरवर ऑगस्ट २०१७ मध्ये फौजदारी न्यायालयाचे वॉरंट निघाले, त्याचा बराच आधार समाजमाध्यमांवरचे व्हिडिओ होते. खटला उभा राहिला नाही, कारण २०२१ मध्ये तो मारला गेला. पण असे साहित्य कसे गोळा करायचे, जपायचे आणि तपासायचे याची रीत बर्कली प्रोटोकॉलमध्ये २०२० साली लिहून ठेवली आहे. अर्जाआधी तो पूर्ण वाचा. मुलाखतीत त्यावर प्रश्न येतो असे धरूनच चाला.

सरावाला आपले शहर घ्या

पहिल्याच दिवशी युद्धाचे व्हिडिओ उघडू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीला आलेल्या पुराचे वीस व्हिडिओ जमवा. त्यात ३१ जुलै २०१९ च्या पावसाचे काही हमखास घुसलेले असतील, कारण मगरी रस्त्यावर दोन्ही वेळा आल्या होत्या आणि जुन्या मगरींचे व्हिडिओ नव्या पुरात पुन्हा फिरले. कोणता व्हिडिओ कधीचा आणि कुठला हे ठरवा, आणि ठरवले कसे ते लिहून ठेवा.

काळ ठरवायला बदललेली वस्तू शोधा. शहराच्या मध्यातल्या सूरसागर तलावातल्या शंकराच्या १११ फुटी मूर्तीचे सोन्याचा मुलामा दिलेले रूप २०२३ च्या महाशिवरात्रीला खुले झाले. ते चकाकणारे रूप चौकटीत असेल तर व्हिडिओ २०१९ चा असूच शकत नाही. यातून 'याच्या आधी नाही' एवढेच सिद्ध होते. 'याच दिवशी' हे सिद्ध करायला दुसरी वस्तू लागते.

जागेसाठी जुन्या शहरातली मांडवी घ्या. इमारत चौकोनी, चारही बाजूंना सारख्या तीन-तीन कमानी, आणि चार रस्ते लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांकडे जाणारे. मांडवी ओळखली म्हणजे जागा कळली, पण कॅमेरा कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते अजून कळलेले नाही. नव्वद टक्के मुले इथे घाई करतात. मागची दुकानाची पाटी, वरच्या तारांचा कोन, रस्त्याचे वळण अशा निदान तीन वेगळ्या खुणा उपग्रहचित्राशी जुळल्या पाहिजेत. एक जरी खूण उलटी पडत असेल तर ती नोंदवा, झाकू नका.

सावलीने वेळ काढण्याचा सराव वेगळा करा, पुराच्या व्हिडिओत बहुधा ऊन नसते. सनकॅल्कसारख्या साधनात जागा आणि तारीख दिली की सूर्याची दिशा मिळते. बडोदे सुमारे २२.३ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे जूनच्या सुरुवातीपासून साधारण १० जुलैपर्यंत मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. 'भारतात दुपारची सावली नेहमी उत्तरेला' हे डोक्यात पक्के असेल तर नकाशा उलटा वाचला जातो. २२ डिसेंबरला मध्यान्हीची सावली जवळजवळ वस्तूच्या उंचीएवढी असते. ही मध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही. बडोदे भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरेच पश्चिमेला असल्याने ती सरासरी १२ वाजून ३७ मिनिटांच्या आसपास होते.

उपग्रहचित्रांची मर्यादाही घरीच शिका. फुकट मिळणाऱ्या सेंटिनल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका दहा मीटरचा असतो. जळलेले गाव दिसेल, ट्रक ओळखू येणार नाही. पावसाळ्यात ढगांमुळे तेही दिसत नाही. मग ढगांतून पाहणारे सेंटिनल-१ चे रडार चित्र घ्यावे लागते.

नोंदवही

निवड करणारे लोक साधनांची यादी पाहून भुलत नाहीत, त्यांना नोंद पाहायची असते. तुमच्या नोंदीवरून तिसरा माणूस निष्कर्षापासून मूळ फाइलपर्यंत उलटा चालत जाऊ शकला पाहिजे. एक्सेलमध्ये एवढे रकाने पुरतात : क्रमांक, लिंक, खात्याचे नाव, अपलोडची वेळ, आपण उतरवून घेतल्याची वेळ, हॅश, दृश्याचे वर्णन, जागा, जागेचा आधार, खात्रीची पातळी, शेरा.

हॅश म्हणजे फाइलचा ठसा. शा-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षरांचा येतो आणि फाइलमधला एक बिट हलला तरी पूर्ण बदलतो. फाइल उतरवली की लगेच काढा, मूळ प्रत फक्त वाचण्यापुरती बंद करून ठेवा, काम नेहमी दुसऱ्या प्रतीवर. ही गोष्ट परदेशी नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश लिहावाच लागतो. बडोद्यातल्या दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात सायबर प्रकरणे पाहणाऱ्या एखाद्या वकिलाकडे महिनाभर बसलात तर ते प्रमाणपत्र भरताना हात बसेल, आणि बायोडेटात एक खरी ओळ येईल.

स्क्रीनशॉट म्हणजे जतन नव्हे. पानाचा मूळ मजकूर, व्हिडिओची फाइल, खालच्या प्रतिक्रिया, सगळे उतरवा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबलेला असतो, त्यातला मेटाडेटा, म्हणजे कधी, कुठे, कोणत्या कॅमेऱ्याने काढला ही आतली माहिती, गळालेला असतो, आणि फाइलच्या नावातली तारीख फोटो काढल्याची नसते. मित्राकडून मूळ फोटो हवा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

वेळ कायम यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहा. आपली वेळ साडेपाच तासांनी पुढे, त्यामुळे इथे पहाटे दोनला दिसणारी पोस्ट यूटीसीत आदल्या तारखेची असते. तारीख २०२४-०८-२७ अशी वर्षापासून लिहा, नाहीतर ५ ऑगस्ट आणि ८ मे एकमेकांत मिसळतात. एक्सेल १५ अंकांपुढचे अंक शून्य करून टाकते आणि एक्सवरच्या (पूर्वीचे ट्विटर) पोस्टचा क्रमांक १९ अंकी असतो. रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मग चिकटवा. नंतर केलात तर गेलेले अंक परत येत नाहीत. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली तर बडोदे थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडते, ते निदान नकाशावर दिसते. पण दोन्ही आकडे जवळजवळ असलेल्या देशात ही चूक महिनोन्महिने लपून राहते. दशांशानंतर चार अंक म्हणजे साधारण अकरा मीटर. त्याहून बारीक लिहायचे तर तेवढी खात्री हवी.

वर्णनात निष्कर्ष घुसू देऊ नका. 'लष्कराने गाव जाळले' असे लिहू नका. 'हिरवट गणवेशातले चार पुरुष, दोघांच्या हाती लांब नळीची बंदूक, मागे कौलारू घर जळताना' असे लिहा. ते कोण, हे वेगळ्या रकान्यात, आधारासह.

नावांची शहानिशा आणखी डोकेखाऊ. बडोदे, बडोदा, वडोदरा ही एकच जागा हे आपल्याला कळते, यंत्राला कळत नाही. अरबी किंवा बर्मी नावांचे तर दहा-दहा स्पेलिंग होतात. मूळ लिपीतले नाव जसेच्या तसे ठेवा, पर्यायी रूपे बाजूला लिहा, आणि दोन व्यक्ती एकच आहेत असे केवळ नावावरून कधीही ठरवू नका.

काय करायचे नाही

साक्षीदार किंवा व्हिडिओ टाकणाऱ्याशी स्वतःहून संपर्क साधू नका. चांगल्या हेतूने पाठवलेला एक मेसेज त्याच्या जिवावर बेतू शकतो, आणि त्याचा जबाब शिकवलेला होता असे म्हणायला बचाव पक्षाला आयती संधी मिळते. आपल्या रोजच्या खात्यावरून शोधाशोध करू नका. समोरच्याला पाहणाऱ्याचे नाव कळू शकते.

हिंसक दृश्ये पाहताना आधी आवाज बंद ठेवा. किंकाळ्या चित्रापेक्षा जास्त काळ मनात राहतात. खिडकी लहान करा, चित्र कृष्णधवल करा, लागेल तेवढाच भाग पाहा आणि झोपायच्या आधी मुळीच पाहू नका. दुसऱ्याला फाइल देताना नावातच 'हिंसक' असा इशारा लिहा. झोप उडाली, चिडचिड वाढली तर वरिष्ठाला सांगा. मुरलेले तपासनीसही सांगतात.

अर्ज

फौजदारी न्यायालयाच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच. सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेत फ्रेंच शिकवतात, वर्षभर आधी सुरू करा. प्रेरणापत्रात 'लहानपणापासून न्यायाची ओढ' वगैरे नको. पुराच्या सरावाचे दोन पानी टिपण जोडा. त्यात एक प्रश्न, तपासलेल्या नोंदी, निष्कर्ष, खात्रीची पातळी आणि काय सिद्ध झाले नाही एवढे असू द्या. नमुन्यात पीडितांचे चेहरे किंवा खासगी माणसांची नावे असतील तर अर्ज तिथेच बाद होतो, आणि ते योग्यच आहे.

यूएन कोणत्याही टप्प्यावर फी घेत नाही. 'प्रोसेसिंग चार्ज' मागणारी मेल आली की ती फसवणूक समजा. निवड झाल्यावर लिंक्डइनवर संस्थेचे आणि पदाचे नाव टाकायला हरकत नाही. कोणत्या प्रकरणावर काम केले, कोणत्या भाषेतले साहित्य पाहिले, हे इंटर्नशिप संपल्यावरही लिहायचे नसते. मुदत संपताना आपल्या लॅपटॉपवर कामाची एकही फाइल उरलेली नाही याची खात्री वरिष्ठासमोर करून घ्या.