नगरपरिषदेची बातमी कशी काढायची: समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून

माझं झेरॉक्सचं दुकान आमच्या नगरपरिषदेच्या फाटकासमोर आहे. मधे रस्ता आणि एक रसवंती, बास. १९९९ पासून मी जिल्ह्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर आहे. मानधन सांगण्यासारखं नाही, जाहिरातींवर कमिशन मिळतं आणि पोट झेरॉक्सवर चालतं. तालुक्यातल्या बहुतेक वार्ताहरांचं असंच. कुणाचं मेडिकल, कुणाची शेती. एकजण लग्नाच्या पत्रिका छापतो आणि दोन्हीकडे तारखा चुकवतो.

आत्ता लिहायला बसलो त्याला कारण आहे. चार वर्षं आमच्याकडे प्रशासक होते. सभागृहातल्या खुर्च्यांवर धूळ साचली होती आणि ठरावांवर सही एकाच माणसाची. मग २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, मोजणी लांबून २१ तारखेला झाली, आणि गावाला नवे नगरसेवक मिळाले. त्यांच्याबरोबर नवे पत्रकारही उगवले, हातात माईक आणि माईकवर चॅनेलच्या नावाचं चौकोनी खोकं. त्यातल्या दोघी-तिघांनी दुकानात येऊन विचारलं, "काका, सभा सुरू झाली की नक्की काय लिहून घ्यायचं?"

पोरांनो, सभेचं नंतर बघू. आधी अजेंडा मिळवा.

सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी निघते, विशेष सभेची तीन. सोबत विषयपत्रिका असते, तिलाच सगळे अजेंडा म्हणतात. ती फलकावर लागते. आमच्याकडे फलक जिन्याखाली आहे आणि त्याच्यापुढे कायम कुणाची तरी मोटारसायकल उभी असते. ती सरकवा आणि फोटो काढा. फोटो धड येत नसेल तर विरोधी नगरसेवकाकडे मागा. त्यानं तो तुमच्याआधी वाचून, खुणा करून ठेवलेला असतो. पूर्वी हा अजेंडा माझ्याच मशीनवर निघायचा. मी तो वाचायचो असं नाही, पण कागद सरळ लावताना डोळे मिटता येत नाहीत.

अजेंडा वरून खाली वाचायचा नसतो. प्रत्येक विषयाचं शेवटचं क्रियापद आधी बघायचं. 'मंजुरी देणे', 'विचारविनिमय करून निर्णय घेणे', 'माहितीस्तव' ही रोजची मंडळी. 'कार्योत्तर मंजुरी देणे' दिसलं की पेन्सिलीनं गोल करा. काम होऊन गेलंय आणि परवानगी आता मागतायत, असा त्याचा अर्थ. दरवेळी त्यात काळंबेरं असतंच असं नाही. पुरात नाला तुंबला तर सभेची वाट कोण बघणार? पण तातडी कसली होती, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. शेवटचा विषय ठरलेला, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. पत्रकार चहाला उठले की तो निघतो. उठू नका.

आणि पहिला विषयही ठरलेला, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. हा होईपर्यंत नवखे लोक बाहेर उभे असतात. मागच्या सभेत बोललं काय गेलं आणि लिहिलं काय गेलं, हे ताडून बघायची जागा म्हणजे हाच विषय. म्हणून सभेची वही एकच ठेवा, दरवेळी नवी नको. माझ्याकडे शंभर पानी एकोणीस वह्या आहेत. बायको दर दिवाळीला त्या रद्दीत काढते आणि मी परत आणतो.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका नगरसेवकाचा संध्याकाळी फोन आला, 'टाकी मंजूर झाली, टाका बातमी.' मी टाकली. 'वरच्या आळीचा पाणीप्रश्न मिटला', चार कॉलम. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या आळीतल्या सात-आठ बाया रिकाम्या कळशा घेऊन दुकानात. "भाऊ, कुठाय टाकी?" मंजूर झालं होतं ते एवढंच, की टाकीचा प्रस्ताव शासनाकडे पाठवावा. टाकी उभी राहायला पुढं सहा वर्षं गेली. तोवर त्यातल्या एक आजी दुकानावरून जाताना दर वेळी कळशी वाजवून दाखवायच्या.

तेव्हापासून 'मंजूर' हा शब्द मी नुसता लिहीत नाही. काय मंजूर, ते लिहितो. पायऱ्या अशा आहेत: प्रस्ताव पाठवायला सभेची मान्यता, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. वर्क ऑर्डर म्हणतात ती हीच शेवटची. ती निघाल्याशिवाय 'काम सुरू होणार' लिहू नका. नारळ फुटला म्हणजे काम सुरू झालं, असंही नाही. आमच्या बाजारतळाच्या ओट्यांचा नारळ दोनदा फुटलाय, दोन वेगळ्या आमदारांच्या हस्ते. पैसा कुठल्या योजनेतून, हेही विचाराच. नगरोत्थान, वित्त आयोग, जिल्हा नियोजन, दलित वस्ती सुधार की नगरपरिषदेचा स्वनिधी. श्रेय घ्यायला चारजण पुढं आले, की या एका प्रश्नाची फार मदत होते.

सभेत बसायचं कुठं? सभा लोकांना खुली असते. अध्यक्षांनी काही कारणानं एखादा विषय बंद दाराआड घेतला तर गोष्ट वेगळी. एरवी 'परवानगी आहे का' असं दबकत विचारू नका. मागच्या भिंतीला, घड्याळाखाली बसा. तिथून मुख्याधिकारी आणि सभा लिपिक दोघंही दिसतात. बोलणाऱ्याकडे बघण्यात फार वेळ घालवू नका, लिपिक काय लिहितोय तिकडे लक्ष ठेवा. वहीत विषय क्रमांक, सूचक म्हणजे ठराव मांडणारा कोण, त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक कोण, विरोध कुणाचा आणि तो नोंदवून घेतला का, एवढं आलं पाहिजे. 'सर्वानुमते' आणि 'बहुमताने' यांत फरक आहे, आणि पाच वर्षांनी मतं मागायला आलेल्या माणसाला तो दाखवता येतो.

आरडाओरडा होणारच. एखादा सदस्य टेबलावर चढेल, कुणी गटाराच्या पाण्याची बाटली आणून अध्यक्षांपुढं ठेवेल. फोटो घ्या, छापून येईल. पण बाटलीचा फोटो काढताना आमच्या एका मित्राचे तीन विषय सुटले आणि त्यातला एक गाळ्यांच्या भाड्याचा होता. गाळेधारक त्याच्यावर अजून रागावलेत. विरोधक हरले की 'आम्ही ३०८ खाली जातो' म्हणतील. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातल्या या कलमानं जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. विरोधक तसं म्हणाले की लगेच 'ठरावाला स्थगिती' लिहू नका, अर्जाच्या पोचपावतीचा शिक्का मागा. निम्मे अर्ज घरातून निघतच नाहीत.

फेब्रुवारीतल्या बजेटच्या सभेबद्दल फार सांगत नाही. बजेट दरवर्षी शिलकी असतं, कर वाढवलेला नसतो आणि गावात एक बाग होणार असते. मागच्या वर्षीचं बजेट शेजारी ठेवा आणि घरपट्टीची वसुली किती धरली होती नि किती झाली, एवढीच ओळ शोधा. बातमी तिथं आहे.

बरं, गावाला रोज सभा नको असते. पाणी कधी येणार, यात्रेत पाळणे कुठं लागणार, दाखल्याला कागद काय काय लागतात, हे लोक आधी वाचतात. बाळाची जन्मनोंद २१ दिवसांत केली तर फुकट होते, ही दोन ओळींची बातमी मी दरवर्षी लावतो आणि दरवर्षी कुणीतरी येऊन 'बरं झालं सांगितलं' म्हणतं. अशा बातमीला कुणी शाल घालत नाही. शाल ६ जानेवारीला, पत्रकार दिनाला मिळते. १८३२ साली त्या दिवशी जांभेकरांनी 'दर्पण' काढलं, म्हणून आम्हाला नारळ. घ्या, नाही म्हणून शहाणपणा करू नका. पण पाकीट असेल तर परत करा. जाहिरातीचं जास्त अवघड आहे. १५ ऑगस्टची शुभेच्छा ज्याच्याकडून आणायची, त्याच्याच प्रभागातला खड्डा छापायचा असतो. मी खड्डा आधी छापतो, जाहिरात मागायला नंतर जातो. दोन-तीन जाहिराती दरसाल बुडतात.

निधनवार्ता मात्र जपून करा. सभेची बातमी चुकली तर खुलासा छापता येतो, इथं तसं चालत नाही. एकदा एका घरचा मोठा मुलगा मजकूर घेऊन आला, 'त्यांच्या पश्चात दोन मुले, एक मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे'. मी तसंच लावलं. दहाव्याला दुसरी मुलगी दुकानात आली. भांडली नाही. काउंटरवर पेपर ठेवला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "भाऊ, मी कुठंय?" घरात जमिनीचा वाद चालू होता, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून मजकूर कुणीही आणो, मी त्या घरच्या एखाद्या बाईला फोन लावून परिवार वाचून दाखवतो. वेळ लागतो, लागू दे.

आता कागदांकडे. सभा झाली, ठराव झाला, पुढं काय झालं हे सहसा कुणी सांगत नाही. त्यासाठी माहितीचा अधिकार. जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस. कागद दोन रुपये पान. नाहीच आलं किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र 'ब', स्टॅम्प २० रुपयांचा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पण अर्ज लिहिताना 'का' हा शब्द वापरायचा नाही. 'गटाराचे काम निकृष्ट का झाले?' असं विचारलंत तर 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देय नाही' असं एका ओळीचं उत्तर येईल. कागद मागा, नाव घेऊन मागा: 'अमुक सभेतील ठराव क्रमांक अमुकची प्रत, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने आणि अंतिम देयक, साक्षांकित.' मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी. किती लांब, किती रुंद, किती खोल काम झालं ते तिच्यात लिहितात आणि त्यावर बिल निघतं. रागाचा अर्ज कपाटात पडून राहतो, नेमक्या कागदांचा अर्ज टेबलावर राहतो.

एकदा मी अशीच एका गटाराची एमबी काढली. लांबी १८० मीटर. रविवारी दुपारी तीस मीटरची टेप घेऊन गेलो, गॅरेजमधल्या पोराला दुसरं टोक धरायला लावलं. चार टेपा पूर्ण आणि वर बावीस. १४२ मीटर. अडतीस मीटर गायब! घरी येईपर्यंत मथळा तयार होता. रात्री झोप लागेना, तेव्हा माझा जुना नियम आठवला, ज्याच्यावर लिहायचं त्याला आधी विचारायचं. सकाळी अभियंत्यांना गाठलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "मारुतीच्या बोळात वळलात का?"

वळलो नव्हतो. गेलो, मोजलं. बोळात अडतीस मीटर गटार होतं, एक इंचही कमी नाही.

तिथंच उभा होतो तर समोरच्या घरातल्या मावशी बादली घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी पाणी गटारात ओतलं. पाणी बोळाच्या तोंडाकडे, मोठ्या गटाराकडे जायला हवं होतं. ते हळूहळू उलटं, त्यांच्याच उंबऱ्याकडे सरकलं आणि तिथं थांबलं. "रोजचंच आहे," मावशी म्हणाल्या आणि खराट्यानं ते पुढं ढकलायला लागल्या. मोजमाप बरोबर होतं, उतार चुकला होता. एमबीत लांबी, रुंदी, खोली सगळं होतं. पाणी कुठल्या दिशेनं जातं ते त्या पानांत कुठंच नव्हतं.

बातमी त्या खराट्याची केली, फोटोसकट. पुढच्या सभेच्या अजेंड्यावर अकरावा विषय आला, 'मारुती बोळातील गटाराचा उतार दुरुस्त करणेकामी येणाऱ्या खर्चास मंजुरी देणे'. सर्वानुमते मंजूर. वहीत मागं जाऊन पाहिलं तर मूळ गटाराच्या ठरावाचा सूचकही तोच होता आणि अनुमोदकही तोच.