नफ्सशी लढायला सुरुवात कुठून करायची

रमजान जवळ आला की मोहल्ल्यातली तरुण मुलं दुकानात येऊन विचारतात, "चाचा, यंदा नफ्सवर ताबा मिळवायचाच. काय करू?" नफ्स म्हणजे वाईटाकडे ओढणारं आपलंच मन. त्यांची यादी तयारच असते: राग सोडायचा, मोबाइल सोडायचा, चहाड्या सोडायच्या, तहज्जुद, म्हणजे रात्री उठून पढायची ऐच्छिक नमाज, सुरू करायची. मी म्हणतो, यादी बाजूला ठेव आणि एकच खोड निवड. जी रोज हातून घडते आणि जिचा दुसऱ्या कुणाला तरी त्रास होतो, ती. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सांगितलंय की अल्लाहला सर्वांत प्रिय अमल, म्हणजे कृती, तो, जो थोडा का असेना, पण नेमाने केला जातो.

ती खोड कधी उसळते, तेही नेमकं हेरा. नुसतं 'राग येतो' म्हणून काही हाती लागत नाही. माझ्या हार्डवेअरच्या दुकानात रागाची वेळ ठरलेली आहे: संध्याकाळची गर्दी, आणि कुणीतरी आटे गेलेला नळ काउंटरवर आपटून 'तुम्हीच खराब दिलात' म्हणतो. वेळ माहीत असली की तयारी करता येते. हदीसमधला, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतला, उपाय साधा आहे: उभे असाल तर बसा, तरीही राग गेला नाही तर आडवे व्हा. दुकानात आडवं होता येत नाही, म्हणून गल्ल्यामागे स्टूल ठेवलंय. आवाज चढला की मी 'अऊजु बिल्लाह' (मी अल्लाहचा आसरा मागतो) म्हणत त्यावर बसतो, नळ हातात घेतो आणि आटे बघतो. बोलायचं ते नंतर. बसलेल्या माणसाला ओरडणं जड जातं, करून बघा.

मोहाचं वेगळं आहे. तिथे बसायचं नाही, पळायचं. कुरआनमधला सूरह युसूफ हा अध्याय वाचा. मिसरमधल्या (इजिप्तमधल्या) अजीजच्या, म्हणजे तिथल्या बड्या अधिकाऱ्याच्या, घरात त्याच्या बायकोने दारं लावून घेतली आणि हजरत युसूफना (अलै.) बोलावलं. त्यांनी अल्लाहचा आसरा मागितला आणि सरळ दाराकडे धाव घेतली. त्यांचा सदरा मागून फाटला तो त्याच वेळी, आणि पुढे तोच फाटका सदरा त्यांच्या निर्दोषपणाचा पुरावा ठरला. दारं बंद आहेत हे दिसत असूनही ते धावले, हे मी मुलांना दर वेळी सांगतो. नफ्सशी वाद घालत बसलात तर जिंकणार तोच, कारण सबबींची त्याला कधी वाण पडत नाही. रात्री मोबाइलवर नको ते बघायची सवय असेल, तर मोबाइल आईच्या खोलीत ठेवून झोपा.

याच सूरहच्या 53व्या आयतीत (ओळीत) 'नफ्स तर वाईटाकडेच ओढतो' असं येतं. हे बोल युसूफांचे की अजीजच्या बायकोचे, यावर भाष्यकारांत दोन मतं आहेत. मला ते युसूफांच्या तोंडी जास्त पटतात. निर्दोष ठरल्यावरही स्वतःला निर्मळ न म्हणणं पैगंबरालाच शोभतं.

रात्री ईशाच्या, म्हणजे दिवसातल्या शेवटच्या, नमाजनंतर हिशोब. इस्लामी विद्वान इमाम गजालींनी (मृत्यू 1111) नफ्सला व्यापारातला भागीदार मानलंय: सकाळी त्याच्याशी करार, दिवसभर नजर, रात्री जमाखर्च. गल्ला मोजून झाला की मी वहीच्या मागच्या पानावर दोनच ओळी लिहितो: आज खोड कधी उसळली आणि मी काय केलं. कारण लिहायचं नाही. 'त्यानेच आधी आवाज चढवला' अशी ओळ आली की ती खोडायची.

हे कारण न देणं फार महत्त्वाचं आहे. अल्लाहचा हुकूम इब्लीसने (सैतानाने) मोडला तसा पहिले मानव आदम (अलै.) यांनीही मोडला. इब्लीस अल्लाहला म्हणाला, तूच मला भटकवलंस. आदम आणि हव्वा म्हणाले, हे आमच्या रब, आम्ही स्वतःवरच जुलूम केला (सूरह आराफ, 23). हजरत मूसांच्या (अलै.) एका ठोशाने माणूस मेला, तेव्हा त्यांनीही हीच कबुली दिली, माफी मागितली आणि यापुढे गुन्हेगारांचा पाठीराखा होणार नाही असं वचन दिलं. हजरत यूनुस (अलै.) माशाच्या पोटातून बोलले, तेव्हा तेही स्वतःलाच दोष देत होते. घसरलात तर याच क्रमाने जा: कबुली, माफी, निश्चय. दुआ अरबीतून पाठ नसेल तर मराठीतून मागा, अल्लाहला सगळ्या भाषा कळतात.

जिवाचे हाल मात्र करून घेऊ नका. पैगंबरांचे साथी अब्दुल्लाह इब्न अम्र रोज रोजा धरत आणि रात्रभर नमाज पढत. पैगंबरांनी (स.) त्यांना अडवलं: तुझ्या शरीराचा, डोळ्यांचा, बायकोचाही तुझ्यावर हक्क आहे. महिन्याला तीन रोजे पुरेत, म्हणाले. अब्दुल्लाह ऐकेनात, तेव्हा हजरत दाऊद (अलै.) यांचा रोजा ही शेवटची हद्द घालून दिली: एक दिवस रोजा, एक दिवस नाही. नवख्याने तीनवरच थांबावं, चांद्र महिन्याच्या 13, 14 आणि 15 तारखेला.

आणि कुणाचे पैसे बुडवले असतील, कुणाची बदनामी केली असेल, तर ते नुसत्या नमाज-रोज्याने फिटत नाही. आधी त्या माणसाच्या दारात जा. पैसे परत करा. ज्यांच्यासमोर बोललात, त्यांच्यासमोरच शब्द मागे घ्या. तो माणूस हयात नसेल तर पैसे वारसांना द्या, वारसही सापडले नाहीत तर त्याच्या नावाने सदका (दानधर्म) करा. यासाठी रमजानची वाट बघत बसू नका.